विश्लेषण : छोट्या व्यवसायाला ‘व्हर्च्युअल असिस्टंट’ परवडतो का? हिशेब नेमका कसा मांडायचा?

व्हॉट्सअॅपवरच्या चौकशांना उत्तरे, बिले, उधारीची आठवण, कुरिअरचा पाठपुरावा... एकट्याने वा दोघा-तिघांनी चालवलेल्या व्यवसायात ही कामे मालकाचा निम्मा दिवस खातात. ‘एखादा व्हर्च्युअल असिस्टंट ठेव, दिवस मोकळा होईल’ असा सल्ला हल्ली सर्रास मिळतो. पण दरमहा जाणारे ते पैसे परत येतात का, आणि नाही आले तर घरखर्चाला किती कात्री लागते?

व्हर्च्युअल असिस्टंट म्हणजे कोण?

दुकानात वा कार्यालयात न येता स्वतःच्या घरून, स्वतःच्या संगणकावर वा मोबाइलवर दुसऱ्याच्या व्यवसायाची कारकुनी कामे करणारी व्यक्ती म्हणजे व्हर्च्युअल असिस्टंट, थोडक्यात ‘व्हीए’. ग्राहकांना उत्तरे देणे, ऑर्डर नोंदवणे, बिले पाठवणे, येणे रकमेची आठवण करणे, समाजमाध्यमांवर पोस्ट टाकणे, भेटीच्या वेळा ठरवणे ही त्यांची नेहमीची कामे. मोबदला तासावर, कामाच्या नगावर किंवा महिन्याला ठरावीक तासांच्या पॅकेजवर असतो. काही जण स्वतंत्रपणे काम करतात, तर काही एजन्सीमार्फत. फोनमधल्या बोलक्या सॉफ्टवेअरलाही व्हर्च्युअल असिस्टंट म्हणतात. इथे विषय माणसाचा आहे.

ही कल्पना लोकप्रिय कशी झाली?

अमेरिकी लेखक ए. जे. जेकब्ज यांनी २००५ मध्ये ‘एस्क्वायर’ मासिकात आपली रोजची कामे भारतातील सहायकांकडे सोपवण्याचा अनुभव लिहिला. २००७ मध्ये टिम फेरिस यांचे ‘द फोर-अवर वर्कवीक’ हे पुस्तक आले आणि दूर बसलेल्या सहायकाकडून काम करून घेण्याची कल्पना जगभर पोहोचली. भारत आणि फिलिपिन्स ही या कामाची मोठी केंद्रे ठरली. मात्र त्यामागचे गणित साधे होते. मालक डॉलरमध्ये कमावत होता आणि मोबदला रुपयांत वा पेसोंत देत होता. ठाण्यातला किंवा कोल्हापुरातला व्यावसायिक रुपयांतच कमावतो आणि रुपयांतच पैसे मोजतो. चलनातील फरकाचा फायदा त्याला मिळत नाही. म्हणून त्या पुस्तकांतील सल्ला जसाच्या तसा इथे लागू होत नाही. हिशेब नव्याने मांडावा लागतो.

‘वेळ वाचला म्हणजे पैसे वाचले’ हे खरे का?

इथेच बहुतेकांची गल्लत होते. ‘माझा तास पाचशे रुपयांचा, सहायकाचा दीडशेचा, म्हणजे तासाला साडेतीनशेचा फायदा’ असा हिशेब केला जातो. मोकळ्या झालेल्या तासात पाचशे रुपयांचे काम खरोखर हाती आले, तरच हा फायदा होतो. तो तास आराम, घरकाम किंवा मोबाइल पाहण्यात गेला तर खिशातून दीडशे रुपये गेले, एवढेच. आराम वाईट नाही, अनेकदा तो गरजेचाच असतो. पण मग तो खर्च घरखर्चासारखा धरावा, व्यवसायातील गुंतवणूक म्हणून नव्हे.

प्रत्यक्ष आकडेमोड कशी करायची?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एक उद्योजिका घरगुती मसाले आणि फराळाचे पदार्थ विकते. महिन्याला सरासरी ६०० रुपयांच्या ३०० ऑर्डर, म्हणजे १ लाख ८० हजारांची विक्री. त्यातील ६५ टक्के, म्हणजे १ लाख १७ हजार रुपये कच्चा माल, पॅकिंग, गॅस आणि कुरिअरवर जातात. उरतात ६३ हजार. त्यातून मदतनीस बाईंचा पगार १४ हजार, जागेचे भाडे ९ हजार, वीज-फोन-जाहिरात ४ हजार आणि कर्जाचा हप्ता ८ हजार, असे ३५ हजार रुपये ऑर्डर आल्या काय आणि न आल्या काय, द्यावेच लागतात. शेवटी हाती राहतात २८ हजार. त्यावर घर चालते.

आता तिने रोज तीन तास काम करणारा सहायक ठेवला. महिन्याचे २६ दिवस धरले तर ७८ तास. तासाला १५० रुपये दर धरला तर खर्च ११ हजार ७०० रुपये. विक्री वाढली नाही तर तिच्या हाती २८ हजारांऐवजी १६ हजार ३०० रुपये उरतील. म्हणजे घरात येणारे पैसे चाळीस टक्क्यांहून अधिक घटतील. विक्री १ लाख ८० हजारांची असताना ११ हजार ७०० रुपये किरकोळ वाटतात. हाती उरणाऱ्या २८ हजारांशी ताडून पाहिले की त्यांचे खरे वजन कळते. परवडते की नाही, याचा पहिला निकष हाच : खर्चाची तुलना विक्रीशी करू नये, हाती उरणाऱ्या रकमेशी करावी.

खर्च भरून काढायला विक्री किती वाढावी लागेल?

इथे दुसरी चूक होते. ११ हजार ७०० रुपयांचा खर्च भरून काढायला तेवढीच विक्री वाढून भागत नाही. प्रत्येक १०० रुपयांच्या विक्रीतून माल आणि कुरिअर वजा जाता ३५ रुपयेच उरतात. म्हणून खर्चाला ०.३५ ने भागायचे. उत्तर येते सुमारे ३३ हजार ४३० रुपये. ६०० रुपयांची एक ऑर्डर धरली तर महिन्याला ५६ जादा ऑर्डर, रोजच्या साधारण दोन. एवढी विक्री वाढली की फायदा-तोटा शून्यावर येतो. त्यापुढची प्रत्येक ऑर्डर कमाईची.

हे सूत्र कोणत्याही व्यवसायाला लागू पडते : सहायकाचा मासिक खर्च भागिले शंभर रुपयांतून उरणारा हिस्सा. किराणा दुकानासारख्या कमी नफ्याच्या धंद्यात हा हिस्सा लहान असल्याने जादा विक्री खूपच करावी लागते. उलट शिकवणी, डिझाइन, फिजिओथेरपी अशा सेवांमध्ये कच्चा माल जवळजवळ नसतो. तिथे थोड्याशा वाढीवही सहायकाचा खर्च निघतो. एकाला परवडलेली गोष्ट शेजाऱ्याला परवडेलच असे नाही, ते यामुळे.

तेवढी मागणी आहे, हे कसे ओळखावे?

अंदाजाने ठरवण्यापेक्षा १५ दिवस नोंद ठेवणे हा सोपा उपाय. वहीत दोन रकाने पुरेत. पहिल्यात, कोणत्या कारकुनी कामाला रोज किती मिनिटे गेली ते. दुसऱ्यात, उत्तर न दिल्यामुळे वा उशिरा दिल्यामुळे किती चौकशा हातच्या गेल्या ते. पहिला रकाना सहायकाला काम किती आहे हे सांगतो, तर दुसरा त्यातून पैसे किती येऊ शकतात हे सांगतो.

समजा, आपल्या उदाहरणातील उद्योजिकेच्या वहीत १५ दिवसांत अशा ३० चौकशा निघाल्या. वेळेवर उत्तर मिळाले असते तरी सगळ्यांनी माल घेतला नसता. एक तृतीयांश धरले तर १० ऑर्डर, महिन्याला २०. विक्री वाढली १२ हजारांनी, हाती उरले ४ हजार २०० रुपये. खर्च ११ हजार ७०० रुपये. म्हणजे दरमहा साडेसात हजारांचा खड्डा. रोजच्या तीन तासांचा सहायक तिला परवडत नाही, हे वहीने स्पष्ट सांगितले.

उधारीच्या वसुलीबाबत एक सावधगिरी हवी. सहायकाने पाठपुरावा करून ४० हजारांची थकलेली उधारी वसूल केली तर गल्ल्यात रोकड येते, पण तो नवा नफा नाही. ते पैसे आपलेच होते. एकदा वसूल झाल्यावर पुढच्या महिन्यात ते पुन्हा येणार नाहीत, सहायकाचे बिल मात्र येणार.

मग उत्तर ‘नाही’च समजायचे का?

नाही. प्रश्न ‘परवडतो का’ असा विचारला की उत्तर हो किंवा नाही असेच येते. ‘किती तास परवडतात’ असा विचारला की मार्ग दिसतो. वहीत बहुतेक चौकशा संध्याकाळी सात ते आठच्या दरम्यानच्या निघाल्या, असे समजू. त्या वेळी उद्योजिका कढईसमोर असते. रोज फक्त तेवढा एक तास सहायकाने सांभाळला तर महिन्याचे २६ तास, खर्च ३ हजार ९०० रुपये. वाढीव २० ऑर्डरमधून उरणार ४ हजार २०० रुपये. खर्च निघतो आणि ३०० रुपये वर राहतात.

वाढीव मालही कोणी तरी करायला हवा. एका ऑर्डरमागे तिची स्वतःची ४० मिनिटे धरली तर २० ऑर्डरना साडेतेरा तासांच्या आसपास लागतील. मोकळे झाले २६ तास. त्यातले चार-पाच तास सहायकाशी बोलण्यात, काम तपासण्यात जातील. तरीही सात-आठ तास शिल्लक राहतात. हिशेब जमतो, पण काठावर. हे काठावरचे गणित पुढच्या दोन गोष्टींनी बिघडू शकते : कर आणि चुका.

जीएसटी आणि टीडीएसमुळे काय फरक पडतो?

एजन्सी जीएसटी नोंदणीकृत असेल तर बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो. ३ हजार ९०० रुपयांचे बिल ४ हजार ६०२ रुपयांवर जाते. व्यावसायिक स्वतः नियमित जीएसटी नोंदणीकृत असेल तर या कराचे ‘इनपुट टॅक्स क्रेडिट’ त्याला सहसा मिळते. पण ज्याची नोंदणीच नाही किंवा जो कंपोझिशन योजनेत आहे, त्याला ते मिळत नाही. आपल्या उदाहरणात वर्षाची विक्री २१ लाख ६० हजार. महाराष्ट्रात केवळ वस्तू विकणाऱ्यांना, राज्यांतर्गत विक्रीसाठी, नोंदणीची मर्यादा ४० लाखांची आहे. त्यामुळे नोंदणी नाही आणि क्रेडिटही नाही. परिणामी ३०० रुपयांचा फायदा ४०२ रुपयांच्या तोट्यात बदलतो. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या सहायकाची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. छोट्या व्यवसायाला एजन्सीपेक्षा स्वतंत्र सहायक स्वस्त पडतो, त्याचे एक कारण हे आहे.

टीडीएसचे काय? मालकी हक्काच्या व्यवसायात आधीच्या आर्थिक वर्षातील उलाढाल १ कोटी रुपयांपेक्षा जास्त असेल, तरच अशा मोबदल्यावर टीडीएस कापण्याची जबाबदारी येते. भागीदारी संस्था आणि कंपन्यांना उलाढालीची ही सवलत नाही. तिथे ठरावीक रकमेच्या पुढे कपात करावी लागते, त्यामुळे करसल्लागाराला आधीच विचारलेले बरे.

‘खर्च दाखवला की प्राप्तिकर वाचतो’ हेही नेहमी खरे नसते. अनेक छोटे व्यावसायिक अनुमानित उत्पन्न योजनेत विवरणपत्र भरतात. त्यात उलाढालीच्या ८ टक्के, तर बँक वा डिजिटल मार्गाने आलेल्या रकमेच्या ६ टक्के उत्पन्न गृहीत धरले जाते. सर्व खर्च त्यातच धरलेले असतात. सहायकाचे बिल वेगळे वजा करता येत नाही.

पगारी माणूस ठेवणे अधिक सोयीचे नाही का?

काम पूर्ण दिवसाचे असेल, माल उचलणे-पॅक करणे यांसारखे हातचे काम असेल, तर दुकानात येणारा माणूसच उपयोगी. पण त्याच्या पगारापलीकडे बसायची जागा, संगणक, रजा, सणाचा बोनस हे खर्च येतात. महाराष्ट्रात पुरुष कर्मचाऱ्याचा पगार दरमहा १० हजारांपेक्षा जास्त असल्यास महिन्याला २०० रुपये (फेब्रुवारीत ३००) व्यवसाय कर कापून भरावा लागतो. महिलांना २५ हजारांपर्यंतच्या पगारावर त्यातून सूट आहे. भविष्य निर्वाह निधीचा कायदा सामान्यतः २० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना लागू होतो. त्यामुळे दोन-चार माणसांच्या व्यवसायावर तो बोजा सहसा नसतो.

कंत्राटी सहायकाच्या बाबतीत खर्च तासांपुरता राहतो. मात्र त्याला रोज ठरावीक आठ तास बसवायचे, दुसरे काम घेऊ द्यायचे नाही, रजेसाठी परवानगी मागायला लावायची आणि कागदावर मात्र ‘कंत्राटी’ म्हणायचे, हे योग्य नाही. वाद झाला तर कागदावरच्या शब्दापेक्षा कामाचे प्रत्यक्ष स्वरूप पाहिले जाते. शिवाय सहायकाचाही हा व्यवसायच असतो. त्याने सूक्ष्म उद्योग म्हणून उद्यम नोंदणी केली असेल, तर २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार त्याचे पैसे लेखी करार असल्यास कमाल ४५ दिवसांत आणि मुदत ठरलेली नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. ‘आमचे पैसे आले की तुमचे देतो’ हे उत्तर इथे चालत नाही.

कोणते खर्च नजरेआड राहतात?

पहिला खर्च शिकवण्याचा. कोणता मसाला किती तिखट, कोणत्या पिनकोडला कुरिअर जात नाही, नेहमीच्या गिऱ्हाइकाला किती सवलत, ही सगळी माहिती मालकाच्या डोक्यात असते. ती उतरवून देईपर्यंत पहिले काही आठवडे वेळ वाचण्याऐवजी जास्तच जातो. दुसरा खर्च चुकांचा. एका ६०० रुपयांच्या ऑर्डरचा पत्ता चुकला आणि माल वाया गेला तर माल-कुरिअरचेच ३९० रुपये बुडतात. वरच्या उदाहरणातील महिन्याचा ३०० रुपयांचा फायदा एका चुकीत संपतो. तिसरा खर्च हंगामाचा. दिवाळीत चौकशा ओसंडून वाहतात, जानेवारीत फोन थंड असतो. बाराही महिने सारखेच तास बांधून घेतले तर मंदीच्या महिन्यांत पैसे फुकट जातात. म्हणून करारात किमान तास कमी ठेवून हंगामात वाढवण्याची सोय ठेवणे शहाणपणाचे.

आधी मोफत साधनांनी भागते का?

अनेकदा बऱ्याच अंशी भागते. व्हॉट्सअॅप बिझनेस अॅपमध्ये वस्तूंचा कॅटलॉग, तयार उत्तरे, स्वागताचा आणि ‘सध्या उपलब्ध नाही’ असा संदेश लावण्याची सोय मोफत आहे. ‘भाव काय?’, ‘घरपोच मिळेल का?’ या प्रश्नांची उत्तरे त्यात आधीच भरून ठेवता येतात. झोहो इन्व्हॉइससारखे बिल बनवणारे मोफत सॉफ्टवेअर आहे. एआय साधने मजकुराचा मसुदा, भाषांतर, पोस्ट यांत मदत करतात. मात्र दर, मुदत, घटक पदार्थ याबाबत ती ठामपणे चुकीचे उत्तर देऊ शकतात, म्हणून पाठवण्यापूर्वी वाचणे आवश्यक. ही साधने लावल्यानंतर पुन्हा आठवडाभर नोंद ठेवावी. जे काम उरते, तेवढ्याच तासांसाठी माणूस शोधावा. अस्ताव्यस्त काम दुसऱ्याकडे सोपवले तर त्या गोंधळाचेच पैसे तासावर मोजावे लागतात.

पासवर्ड आणि ग्राहकांची माहिती कशी जपावी?

सहायकाला आपला फोन किंवा मुख्य पासवर्ड देण्याची गरज नसते. व्हॉट्सअॅप मुख्य फोनव्यतिरिक्त चार उपकरणांना जोडता येते आणि ती जोडणी मालकाला केव्हाही तोडता येते. गूगल बिझनेस प्रोफाइल आणि फेसबुक पेजवर वेगळा ‘मॅनेजर’ नेमता येतो. यूपीआय पिन, बँकेचा ओटीपी आणि नेट बँकिंगचा पासवर्ड मात्र कोणालाही देऊ नये. पैसे आले की नाहीत हे मालकाने पाहावे, सहायकाला फक्त कळवावे. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या हेल्पलाइनवर तातडीने तक्रार करता येते.

ग्राहकांचे नाव, पत्ते, फोन क्रमांक हीदेखील जबाबदारीच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यातील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहिती हाताळण्याचे काम दुसऱ्याकडे दिले तरी जबाबदारी मूळ व्यवसायाचीच राहते, हे या कायद्याचे सूत्र आहे. काम थांबल्यावर ग्राहकांची यादी सहायकाने पुसून टाकावी, असे करारात सुरुवातीलाच लिहिलेले असावे.

सुरुवात कशी करावी, कुठे थांबावे?

सुरुवातीला एकच काम आणि एकच तास. पुढच्या तीन महिन्यांचा मोबदला, वरच्या उदाहरणात ११ हजार ७०० रुपये, आधी बाजूला काढून ठेवावा. तो घरखर्चातून किंवा क्रेडिट कार्डावरून काढावा लागत असेल, तर वेळ अजून आलेली नाही असे समजावे. साध्या एका पानाच्या करारात काम, तास, दर, पैसे देण्याची तारीख, गोपनीयता आणि १५ दिवसांची पूर्वसूचना एवढे पुरेसे आहे. सहायकानेही काम मिळवण्यासाठी ‘नोंदणी शुल्क’ वा ‘अनामत’ मागणाऱ्यांपासून दूर राहावे. असे पैसे मागणे हे फसवणुकीचे नेहमीचे लक्षण आहे.

थांबण्याची खूणही आधीच ठरवावी. तीन महिन्यांत वाढीव ऑर्डर २० ऐवजी १० वरच राहिल्या तर हाती येतील २ हजार १०० रुपये आणि जातील ३ हजार ९००. अशा वेळी ‘जम बसेल हळूहळू’ म्हणत वर्ष काढण्यापेक्षा तास कमी करणे किंवा सांगून थांबणे दोघांच्याही हिताचे. उलट ऑर्डर ४० वर गेल्या तर दुसरा तास वाढवायला हरकत नाही. त्या तासाचे पैसे ऑर्डरमधूनच निघालेले असतील. कोणत्याही महिन्यात निर्णय घेताना आधी ती दोन रकान्यांची वही उघडावी.